राजा रविवर्मा : चित्रांतील तकाकी आणि मळवलीचा छापखाना

सूर्याचा प्रकाश राजवाड्याच्या कळसावर आणि गरिबाच्या कौलावर सारखाच पडतो. परंतु प्रत्येक वस्तू तो आपापल्या रीतीने परत करते. सायंकाळी चिंचवडच्या घाटावर उभे राहून पवनेच्या पाण्याकडे पाहावे. पाणी निश्चल असले तर पलीकडच्या काठावरील दिवा पाण्यात जसाच्या तसा, एकच एक, दिसतो. वाऱ्याची झुळूक आली की त्याच दिव्याची लांबच लांब सोनेरी पट्टी होते. घाटाच्या दगडी पायरीवरही तोच प्रकाश पडलेला असतो. पण तेथे ना दिवा दिसतो, ना पट्टी. केवळ पायरी दिसते.

आपाती कोन व परावर्तन कोन समान असतात, हा नियम आमचे विद्यार्थी शास्त्राच्या तासाला पाठ करितात, आणि पुष्कळांची अशी समजूत होते की तो केवळ आरशापुरता आहे. वस्तुतः घाटाची पायरीही तो तंतोतंत पाळीत असते. फरक इतकाच की तिच्यावरील प्रत्येक सूक्ष्म खाचखळग्याचे तोंड निराळ्या दिशेस असते. म्हणून एकत्र आलेले किरण दाही दिशांना पांगतात. प्रकाशलहरीची लांबी मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकी असते. पृष्ठभागावरील उंचसखलपणा त्याहून पुष्कळ कमी असेल तर तो आरशासारखा वागतो. जास्त असेल तर तो प्रकाश विखुरतो. या दोन टोकांच्या मध्ये रेशीम, मोती, पितळ, तेल लावलेले केस, माणसाची कांती असे शेकडो प्रकार येतात, आणि प्रत्येकाची तकाकी निराळी असते.

हा भेद डोळ्यांनी टिपून रंगांनी उतरविण्यात ज्यांनी आपले सर्व आयुष्य वेचले, त्या राजा रविवर्मा यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो. ते केरळचे खरे. पण त्यांचा आमच्या मुलखाशी संबंध अगदी जवळचा आहे. चिंचवड स्टेशनावर लोणावळ्याच्या गाडीत बसले म्हणजे तळेगाव, वडगाव, कामशेत मागे पडतात आणि लोणावळ्याच्या अलीकडे मळवली लागते. कार्ले व भाजे येथील लेणी पाहावयास जाणारे लोक तेथे उतरतात. याच मळवलीजवळ रविवर्म्यांचा प्रसिद्ध छापखाना होता.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे एका जुन्या सरदार घराण्यात झाला. त्यांचे मामा राजराज वर्मा हे स्वतः चित्रकार असून तंजावरी पद्धतीची चित्रे काढीत. ही तंजावरी पद्धत आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तीत देवाचा मुकुट, दागिने व वस्त्राचे काठ रंगाने रंगवीत नाहीत. तेथे खऱ्या सोन्याचा वर्ख चिकटवितात आणि काचमण्यांचे खडे बसवितात. देवघरातील समईची ज्योत हलली की चित्रातील सोनेही हलते. म्हणजे तेथे चकाकी काढलेली नसते. ती त्या खोलीतल्या दिव्याचीच असते. भाच्याच्या हातातील कसब या मामांनीच प्रथम ओळखले.

१८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, रविवर्म्यांना तिरुवनंतपुरम येथे महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेण्यात आले. दरबारचे चित्रकार रामस्वामी नायकर यांच्याकडून त्यांस जलरंगांची ओळख झाली. तैलरंगांची गोष्ट मात्र निराळी होती. ती विद्या त्या काळी या देशात फारच थोड्यांस येत असे, आणि ज्यांस येई ते ती जपून ठेवीत. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार महाराजांची तसबीर काढण्यास आला. त्यानेही शिकविण्याचे नाकारले. केवळ काम चालू असता जवळ बसून पाहण्याची परवानगी दिली. रविवर्मा बसले व पाहत राहिले. बाकी सारे त्यांनी घरी परतल्यावर, चुकत व पुसत, आपल्याच हाताने मिळविले. गुरूवाचून विद्या नाही हे खरे असले, तरी पाहण्याची एवढी मोकळीकही काही थोडी नव्हे, असे आम्हांस वाटते.

तैलरंगांचा एवढा ध्यास कशासाठी? याचे कारण प्रकाशाच्या वागणुकीतच आहे. जलरंग कागदावर वाळला की त्याचा पृष्ठभाग खरबरीत राहतो, आणि त्यावरून थोडा पांढरा उजेड सर्व बाजूंना विखुरतो. तो रंगात मिसळल्यामुळे काळा रंग पुरता काळा दिसत नाही व तांबडा काहीसा फिका भासतो. तेलात कालविलेला रंग वाळला म्हणजे रंगाचे कण तेलाच्या गुळगुळीत थरात बुडून राहतात. त्या थरावरचा पांढरा उजेड आरशाप्रमाणे एकाच दिशेस निघून जातो. आपण थोडे बाजूस सरलो की तो डोळ्यांत येत नाही, आणि खालचा रंग त्याच्या पूर्ण गडदपणाने दिसतो. नदीतील गोटा ओला असता काळाभोर दिसतो व वाळला की करडा होतो, त्याचे कारणही पुष्कळ अंशी हेच आहे. आमच्या पालकांपैकी पुष्कळ जण पिंपरी, आकुर्डी व चाकण येथील मोटारींच्या कारखान्यांत काम करितात. त्यांस हे निराळे सांगावयास नको. पेंट शॉपमध्ये पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर बिनरंगाचा क्लिअर कोट देतात तो गंजापासून व उन्हापासून संरक्षणासाठी तर खराच, पण रंगाला खोली यावी म्हणूनही. त्या थरावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक लहर राहिली की तपासणीदार छतावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब वाकडेतिकडे झालेले पाहून ती ताबडतोब ओळखतो. तोही एका अर्थी परावर्तनाचा परीक्षकच होय.

१८७३ साली केसांत फुले माळणाऱ्या एका नायर स्त्रीच्या चित्राबद्दल रविवर्म्यांस मद्रासच्या प्रदर्शनात गव्हर्नरांचे सुवर्णपदक मिळाले, आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथेही त्यांच्या कामाचा गौरव झाला. तेव्हापासून संस्थानिकांची आमंत्रणे येऊ लागली. आम्हां मराठी लोकांना त्यांपैकी बडोद्याचे आमंत्रण अधिक जवळचे. तंजावरकडील मराठी घराण्यात जन्मलेले सर टी. माधवराव पूर्वी त्रावणकोरचे दिवाण होते व पुढे ते बडोद्याचे दिवाण झाले. १८८१ साली श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या राज्याधिकारग्रहणाच्या प्रसंगी रविवर्मा बडोद्यास आले. १८८८ साली महाराजांनी त्यांस पुराणांतील प्रसंगांवर चौदा चित्रे काढण्यास सांगितले. त्यासाठी रविवर्मा व त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांनी उत्तर हिंदुस्थानचा लांबचा प्रवास केला. सीता, दमयंती, शकुंतला यांस वेष कोणता द्यावा हा त्यांचा प्रश्न होता. कारण पुराणकाळची वस्त्रे कोणी पाहिली होती? अखेर त्यांच्या कित्येक नायिकांच्या अंगावर लुगड्याचा जो घोळ व निऱ्या आल्या, त्यांत आमच्याकडील नेसणीची छाया स्पष्ट दिसते. १८९० साली ही चौदा चित्रे पुरी झाली, आणि बडोद्यास जाण्यापूर्वी मुंबईच्या लोकांनाही ती पाहावयास मिळाली.

आता या चित्रांत प्रकाशाचे काम कसे झाले आहे ते पाहू. हंसाशी बोलणारी दमयंती हे १८९९ सालचे चित्र बहुतेकांनी छापील स्वरूपात तरी पाहिलेले असते. तीत साडी, दागिने, अंगकांती व हंसाचे पांढरे पीस हे चार पृष्ठभाग शेजारी शेजारी आहेत. रेशमाचा धागा लांब, अखंड व गुळगुळीत असतो. त्याचा छेद त्रिकोणी असल्याने त्यास जणू लहान लहान सपाट बाजू असतात. म्हणून रेशमी वस्त्राच्या घडीवर प्रकाशाची धारदार रेघ उमटते व बाजूची पन्हळ गडद राहते. सुती धागा आखूड तंतूंचा पिळलेला व केसाळ असतो. त्याच्या घडीवर उजेड हळूहळू मावळतो. आमच्या पैठणीत ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घालून जी धूपछाव साधतात, तीही याच गुणाची किमया. पदर जरा फिरविला की एका रंगाचे धागे उजेड परतवितात व दुसऱ्या रंगाचे मागे हटतात.

दागिन्यांची गोष्ट याहून मनोरंजक आहे. हिरव्या काचेच्या बांगडीवर दिव्याचा जो ठिपका चमकतो तो हिरवा नसून पांढरा असतो; परंतु पितळेच्या तांब्यावरचा किंवा सोन्याच्या पाटलीवरचा ठिपका पिवळसर असतो. काच आपल्यावर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी शेकडा ४ च्या आसपास भाग वरच्यावर, रंग न बदलता, परत करते. बाकीचा आत जातो व हिरवा होऊन बाहेर येतो. धातू मात्र प्रकाशाला आत शिरूच देत नाही. सोने व पितळ निळा भाग बराचसा गिळून बाकीचा पृष्ठभागावरूनच परतवितात. मोत्याची तऱ्हा तिसरीच. तो अत्यंत पातळ थरांवर थर बसून झालेला असतो, आणि प्रत्येक थर थोडाथोडा प्रकाश परत देतो. त्यामुळे मोत्यावर टोकदार चमक न दिसता आतून उमटल्यासारखे पाणी दिसते. मोत्याचे पाणी हा शब्द आपल्या जुन्या जवाहिऱ्यांनी फार विचारपूर्वक योजिला असावा. आणि मनुष्याची त्वचा? तीत प्रकाश किंचित आत शिरतो, तेथे रक्ताचा व त्वचेचा रंग घेतो आणि मग बाहेर येतो. म्हणून गालावर छायेची कड कधीही दगडासारखी तुटक नसते. कपाळावर तेलाचा अंश असला तर त्याच मऊ उजेडावर एक ओलसर चमक बसते.

हे सर्व रविवर्म्यांनी शास्त्राच्या पुस्तकात वाचले होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी ते पाहिले. पाहून काढण्यात अडचण ही की चित्रकाराजवळ सर्वांत उजळ वस्तू म्हणजे पांढरा रंग, आणि तो आपल्यावर पडलेल्या उजेडाहून अधिक उजेड कधीही देऊ शकत नाही. सोन्याच्या पाटलीवर दिव्याचा ठिपका भोवतालच्या कागदाहून कितीतरी पट झळकतो. तो रंगात आणावयाचा कसा? मामांनी खरे सोने चिकटविले असते. भाच्याने पिवळी माती, तपकिरी व काळसर रंग घेऊन पाटलीचा बहुतेक भाग मुद्दाम अंधारात ठेविला आणि एके ठिकाणी पिवळसर पांढऱ्या रंगाचा लहानसा ठिपका दिला. डोळा भोवतालच्या काळोखाशी त्याची तुलना करितो व फसतो. सोन्यावाचून सोने दाखविण्याची ही युक्ती युरोपातील जुन्या चित्रकारांना ठाऊक होती. पण आमच्या देवदेवतांच्या अंगावर ती रविवर्म्यांइतक्या विश्वासाने पूर्वी कोणी वापरली नव्हती.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात रविवर्म्यांचे, निरनिराळ्या प्रांतांच्या वेषांतील अकरा गायक-वादक स्त्रियांचे, सुंदर चित्र आहे. त्याच राजवाड्यात हातात दिवा घेऊन उभ्या असलेल्या एका स्त्रीचे चित्र आहे, व पुष्कळ लोक ते रविवर्म्यांचेच समजतात. वास्तविक ते सावंतवाडीचे आमचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास, रविवर्म्यांच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी, काढिले. आणि तेही तैलरंगांत नव्हे, जलरंगांत! दिव्याआड धरलेल्या बोटांतून तांबूस होऊन येणारा उजेड त्यांनी ज्या हळुवारपणे दाखविला आहे, तो पाहून वर जलरंगांबद्दल आम्ही जे लिहिले ते थोडे आखडते घ्यावे असे कोणासही वाटेल. श्रेय ज्याचे त्यास मिळावे म्हणून हे सांगितले.

१८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात रविवर्म्यांची दहा चित्रे गेली व त्यांस पदके मिळाली. कोणताही चित्रकार येथवर येऊन संतुष्ट झाला असता. संस्थानिकांची कामे हाती होती, पैसा येत होता. परंतु एक गोष्ट त्यांच्या मनात दहा वर्षे घोळत होती. १८८४ साली माधवरावांनी त्यांस सुचविले होते की निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापवून घ्याव्या, म्हणजे ती सर्व देशास मिळतील. राजवाड्याच्या भिंतीवरील चित्र किती लोक पाहणार? रविवर्म्यांनी त्याही पुढे जाऊन, छापखानाच येथे काढावयाचा असा निश्चय केला. १८९४ साली मुंबईस गिरगावात यंत्रे उभी राहिली. यंत्रे जर्मनीची, मुख्य कारागीरही जर्मन, आणि पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे.

ही छपाई शिळेवरची. चुनखडीच्या घोटीव दगडावर तेलकट शाईने चित्र काढितात, दगड पाण्याने भिजवितात व मग त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवितात. ओला दगड शाई घेत नाही, चित्राच्या रेषा तेवढी घेतात. एका रंगास एक दगड. म्हणून एकेका चित्रास अनेक दगड लागत, आणि प्रत्येक वेळी कागद केसभरही न सरकता त्याच जागी बसला पाहिजे. इतके करूनही कागदावरची शाई निस्तेज दिसे. म्हणून सर्वांवर रोगणाचा हात देत, आणि काही प्रतींवर कॅनव्हासच्या विणीसारखी बारीक नक्षी दाबीत. रोगणामुळे लक्ष्मीच्या साडीला तैलचित्राची खोली येई, आणि दाबलेल्या नक्षीमुळे परावर्तन जरा तुटून चित्र हाताने रंगविल्याचा भास होई. अशा प्रतीस ओलिओग्राफ म्हणत. लक्ष्मी व सरस्वती यांच्या या तसबिरी घरोघरी गेल्या. ज्यांना त्या काळी देवळाची पायरी चढू देत नसत, अशांच्या झोपडीतही देवाचे रूप पोहोचले. कित्येक घरांतील स्त्रियांनी तर चित्रातील साडीवर खरी जर व टिकल्या शिवून चिकटविल्या. मामांच्या तंजावरी वर्खास भाच्याने दाराबाहेर काढिले होते. तो असा खिडकीतून पुन्हा आत आला!

व्यवहार मात्र साधला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगाची साथ उद्भवली. पुढे छापखाना गिरगावातून घाटकोपरास व तेथून मळवलीस हलविण्यात आला. दगड, यंत्रे व माणसे हलविण्याचा खर्च, भागीदारीतील कटकटी व कर्ज यांनी दोघे बंधू जेरीस आले. ज्या हातांनी चित्रे काढावयाची त्यांना हिशेबाच्या वह्या चाळाव्या लागल्या. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी छापखाना त्यातील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांस विकला गेला, आणि चित्रे छापण्याचा हक्कही त्यासोबत गेला. स्वतःची चित्रे लाखो घरांत पोहोचविणारे यंत्र असे परक्याच्या हाती देताना त्यांस काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. छापखाना पुढेही चालू राहिला. दादासाहेब फाळके यांनीही त्याच्यासाठी काम केले, आणि मग लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढिला. १९१३ साली त्यांनीच राजा हरिश्चंद्र हा चित्रपट लोकांपुढे आणिला. चित्रपटाचा पडदा पांढरा व निस्तेज का असतो, हे आता मुलांनी स्वतःच सांगावे. तेथे आरसा टांगला असता तर प्रेक्षकांस काय दिसले असते?

१९०४ साली सरकारने रविवर्म्यांस कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. पण त्याच सुमारास मोठा आघात झाला. जानेवारी १९०५ मध्ये बंधू राजराज वर्मा वारले. ते स्वतः निसर्गचित्रांत निष्णात होते. थोरल्या बंधूंच्या कित्येक चित्रांतील डोंगर, पाणी व आकाश त्यांच्या हातचे आहे. प्रवास, पत्रव्यवहार, छापखाना या सर्वांत ते उजवा हात होते. त्यानंतर रविवर्मा फार दिवस राहिले नाहीत. मधुमेहाने खंगून २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, किळिमानूर येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्यामागे त्यांच्या कलेवर टीकाही पुष्कळ झाली. बंगालकडील नव्या पंथाच्या चित्रकारांनी व पंडितांनी त्यांची चित्रे परक्या वळणाची व नाटकी ठरविली. या टीकेत काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. काही चित्रांत दागिन्यांची चमक नायिकेच्या दुःखाहून आधी डोळ्यांत भरते, हे उघड आहे. परंतु टीकाकारांपैकी किती जणांनी आपली चित्रे शेतकऱ्याच्या ओटीवर पोहोचविण्यासाठी कर्ज काढिले होते, हेही विचारले पाहिजे.

१९७२ साली मळवलीच्या छापखान्यास आग लागली व तेथील पुष्कळ मूळ प्रती नष्ट झाल्या. आता जे उरले आहे ते संग्रहालयांत आणि जुन्या घरांतून. मावळातील एखाद्या वाड्यात अशी तसबीर दृष्टीस पडली तर ती समोरून न पाहता एका बाजूने, उजेड तिरका पडेल असे उभे राहून पाहावी. काचेमागे नसेल तर कागदावर दाबलेली कॅनव्हासची वीण डोळ्यांना दिसेल, रोगण कोठे जाड बसले व कोठे उडाले तेही कळेल. रोगण जुने होऊन पिवळे पडते आणि पिवळा थर निळा प्रकाश अडवितो; म्हणून अशा तसबिरीत सरस्वतीमागचे आकाश हिरवट दिसते. चौकटीच्या आड झाकल्या गेलेल्या कडेवर उजेड पोहोचलेला नसतो, आणि तेथे कधीकधी मूळ निळ्याची बोटभर पट्टी शिल्लक असते.